जुन्या आणि नव्या घरगुती उपकरणांचा टिकाऊपणा : फोंड्यातील एका तपासणीच्या प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

आजपासून ही नोंदवही सुरू करीत आहे. गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयाने गेल्या महिन्यात एक लहान प्रकल्प मंजूर केला. गावातील घरांत अजून चालू असलेली जुनी विद्युत उपकरणे पाहायची, उघडायची, मोजायची आणि त्याच किंवा शेजारच्या घरातील नव्या उपकरणांशी त्यांची तुलना लिहून ठेवायची, असे त्याचे स्वरूप आहे. मी तीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री हा विषय शिकविला असल्यामुळे मोजमापाचे काम माझ्याकडे आले. नोंदी संगणकावर चढविण्याचे काम माझी भाची करील, आणि बाजारात चाळीस वर्षे दुरुस्तीचे दुकान चालविणारे एक मिस्त्री दर रविवारी सकाळ देणार आहेत.

वीस वर्षांहून जुने ते ‘जुने’ आणि दहा वर्षांच्या आतले ते ‘नवे’, असे आम्ही धरले आहे. साधने मोजकीच आहेत: प्लगमध्ये बसणारा वीजमापक, इन्सुलेशन तपासणारा पाचशे व्होल्टचा मेगर, वजनकाटा आणि तापमापी. प्रत्येक उपकरणासाठी खरेदीचे साल, किंमत, वजन, वीजवापर, इन्सुलेशनची स्थिती आणि आजवर बदललेले भाग लिहायचे आहेत.

पूर्वीच्या वस्तू टिकत होत्या, आताच्या टिकत नाहीत, हे वाक्य मी स्वतः अनेकदा वर्गात बोललो आहे, आणि आजही मला ते बहुतांशी खरे वाटते. तपासणीच्या शेवटी ते कितपत उरते हे पाहता यावे, म्हणून ते येथे पहिल्याच पानावर लिहून ठेवीत आहे.

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

आज फक्त छताचे पंखे पाहिले. सर्वांत जुना पंखा एका वाड्याच्या माजघरात १९६८ सालापासून फिरतो आहे. त्याचे बिडाचे अंग, पत्र्याची जाड पाती आणि वरची वाटी धरून वजन सहा किलो नऊशे ग्रॅम भरले. त्याच घरातील नव्या खोलीत दोन वर्षांपूर्वी लावलेला विनाब्रश (बीएलडीसी) मोटरचा पंखा तीन किलो सहाशे ग्रॅमचा आहे. जुना पूर्ण वेगाने ब्याऐंशी वॅट घेतो, नवा एकतीस. दिवसाला बारा तास धरल्यास जुन्याला जवळजवळ एक युनिट लागते आणि नव्याला एक तृतीयांशाहून थोडे अधिक. जुन्याचा रेग्युलेटर रोधकाचा असल्यामुळे वेग कमी केला तरी वाचलेल्या विजेचा मोठा भाग भिंतीवरच्या डब्यातच उष्णता होऊन जातो. त्या डब्यावर हात ठेवून यजमानांनी प्रथमच त्याची ऊब अनुभवली.

दोन्ही पंखे खाली उतरविले. जुन्यात तांब्याचे वाइंडिंग, दोन बॉल बेअरिंग आणि बाहेरून दोन तारांनी जोडलेला कंडेन्सर (कपॅसिटर), एवढाच कारभार आहे. छप्पन्न वर्षांत कंडेन्सर तीनदा बदलला, बेअरिंगे दोनदा बदलली आणि १९९६ साली एकदा रिवायंडिंग झाले. यातील प्रत्येक काम फोंड्यातच एका दिवसात होऊन पंखा संध्याकाळी घरी परतला होता. नव्या पंख्यात बेअरिंगे आहेतच, पण मोटरच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक बोर्डही आहे. तो गेल्या पावसाळ्यात बंद पडला तेव्हा सुटा बोर्ड मिळण्यास बारा दिवस लागले.

वजनातील फरकाबद्दल एक सूचना लिहितो, कारण लोक जड म्हणजे मजबूत असे सरसकट समजतात. नव्या विनाब्रश मोटरमध्ये चुंबक असल्यामुळे तिला तेवढे लोखंड आणि तेवढी तार मुळात लागत नाही. तेव्हा त्या पंख्याचे हलकेपण हा दोष धरता येत नाही. मात्र काही स्वस्त पंख्यांत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार असते. तिची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे एकसष्ट टक्के असते, आणि आमच्या खाऱ्या, दमट हवेत तिचे सांधे लवकर गंजतात. असे दोन पंखे मिस्त्रींनी आपल्या दुकानातून आणून उघडून दाखविले. दोन्ही सांध्यापाशीच तुटलेले होते.

३ मार्च २०२४, रविवार

आजची भेट संपूर्ण प्रकल्पाला वळण देणारी ठरली, म्हणून सविस्तर लिहितो.

दुर्भाटकडील एका भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरी पोर्तुगीज अमदानीत आलेल्या वस्तू पाहावयास मिळाल्या. १९६१ पूर्वीच्या गोव्यात परदेशी माल सहज मिळत असे. ज्यांना परवडत होते त्यांच्या घरी जर्मन रेडिओ आणि रॉकेलवर चालणारे फ्रिज त्या काळीच आले होते. गावात वीज नव्हती, तरी फ्रिज होता. रॉकेलवर थंडावा कसा निर्माण होतो हे भाचीला समजावून सांगताना मला स्वतःला पुन्हा आनंद झाला. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही रचना तयार केली आणि इलेक्ट्रोलक्सने ती पुढे घरोघर पोचविली. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. खालच्या ज्योतीने अमोनिया पाण्यातून सुटतो, वर जाऊन निवतो, द्रव होतो आणि हायड्रोजनच्या सान्निध्यात बाष्पीभवन होताना आतील उष्णता घेतो. यात मोटर नाही आणि पट्टाही नाही; हलणारा म्हणावा असा एकही भाग नाही. झिजण्यासारखे काही नसलेले हे यंत्र खरे तर शंभर वर्षे चालायला हवे होते.

आज त्या फ्रिजमध्ये पापड आणि आंबोशीच्या बरण्या ठेवलेल्या आहेत. नळ्या शाबूत दिसतात. यजमानांच्या सांगण्याप्रमाणे थंडावा कमी झाला की त्यांचे वडील गडीमाणसांकडून फ्रिज उलटा करवून घेत आणि दुसऱ्या दिवशी सरळ करीत. नळ्यांत अडलेले द्रावण पुन्हा जागेवर येण्यासाठी हा उपाय त्या काळी सर्वत्र केला जाई. मग फ्रिज बंद का पडला? बर्नरची वात आणि काच मिळेनाशी झाली म्हणून. गोवामुक्तीनंतर परदेशी मालाची आयात भारतातील परवाना पद्धतीखाली आली आणि मूळ कंपनीचे सुटे भाग येणे थांबले. गावात वीज आल्यावर तर रॉकेलच्या फ्रिजकडे कोणी पाहिलेही नाही.

रेडिओची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच घरातील जर्मन व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) रेडिओचा आवाज मोठा करणारा शेवटचा व्हॉल्व्ह, म्हणजे ईएल-८४, १९७० च्या सुमारास गेला. परंतु त्याच क्रमांकाचा व्हॉल्व्ह बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स बनवीत होती, त्यामुळे रेडिओ आणखी पंधरा वर्षे वाजला. यंत्र परदेशी असले तरी व्हॉल्व्हचा क्रमांक आणि त्याचा पाया तिकडे आणि इकडे एकच होता. जे यंत्र अधिक मजबूत होते ते आधी मेले आणि ज्याचे भाग जळतच असत ते नंतरपर्यंत जगले. हे वाक्य लिहून झाल्यावर मी पहिल्या पानावरील वाक्य पुन्हा एकदा वाचले.

२४ मार्च २०२४, रविवार

शिगम्याच्या गडबडीमुळे तीनच घरे झाली. आज मिक्सर पाहिले.

गोव्यातील मिक्सरला जो ताण पडतो तो इतरत्र क्वचितच पडत असेल. आमचे वाटण म्हणजे नारळ, भाजलेले धणे, सुक्या मिरच्या, आणि तेही शक्य तितके कमी पाणी घालून गंधासारखे बारीक. मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३ साली ‘सुमीत’ तयार केला तो घरातील परदेशी मिक्सर भारतीय वाटणापुढे हरल्यानंतरच. मोटर दमदार घ्यायची आणि भांडे पोलादी करायचे, हा त्यांचा निर्णय आजच्या प्रत्येक भारतीय मिक्सरमध्ये दिसतो.

१९८४ सालचा एक मिक्सर उघडला. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मूळचे आहे, कार्बन ब्रश किमान सहा वेळा बदललेले आहेत आणि मोटर आणि भांडे यांना जोडणारा कपलर किती वेळा बदलला हे घरातील कोणालाच सांगता आले नाही. कपलर या भागाबद्दल मला विशेष आदर आहे. भांडे अडकले तर मोटर जळण्याआधी तुटावा म्हणूनच तो रबराचा किंवा नायलॉनचा केलेला असतो आणि तो चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो. यंत्रातील कोणता भाग आधी तुटेल हे ज्याने ठरविले आणि तो भाग स्वस्त, उघडा व सहज बदलता येईल असा ठेवला, त्याने टिकाऊपणाचा खरा विचार केला असे मी म्हणेन.

नव्या मिक्सरांची मी बाजू घेऊ इच्छितो, कारण त्यांच्यावर अन्याय होतो. आज ‘जळाले’ म्हणून माळ्यावर टाकलेले दोन मिक्सर आम्हाला दाखविण्यात आले. दोन्हींच्या तळाशी असलेले लाल बटण दाबताच ते सुरू झाले. जास्त भार पडला की वीज तोडणारी ती सोय जुन्या मिक्सरमध्ये नव्हती. असती तर कित्येक जुनी आर्मेचरे वाचली असती. दोन्ही घरांनी दरम्यान नवा मिक्सर विकत घेतला होता.

१४ एप्रिल २०२४, रविवार

कवळे येथे आत्याकडे गेलो. तिचे वय चौऱ्याऐंशी आहे. तिचा फ्रिज आमच्या यादीत होताच, पण तिने जे दुसरे काही पुढे ठेवले ते मला अधिक मोलाचे वाटते. ती १९७४ पासून घरखर्चाच्या वह्या लिहिते आणि त्यातील एकही तिने टाकलेली नाही.

आम्ही दोघांनी दिवसभर वह्या चाळल्या. फ्रिज १९७९ साली घेतला, एकशे पासष्ट लिटरचा, ३,८५० रुपयांना. काका तेव्हा प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांचा पगार ६४० रुपये होता, म्हणजे फ्रिजसाठी सहा महिन्यांची संपूर्ण कमाई लागली. आज त्याच पदावरील शिक्षकाला एका महिन्याच्या पगारात तसे दोन फ्रिज येतील. सहा महिन्यांच्या पगाराची वस्तू बिघडली तर मनुष्य ती दुरुस्त करणारच. दुसरा विचार त्याच्या मनात येणे शक्य नाही.

आणि तो फ्रिज बिघडला, एकदा नव्हे तर नऊ वेळा. १९८३ साली थर्मोस्टॅट, १९८६ साली गॅस, १९८८ साली रिले, १९९१ साली दरवाजाचे रबर, १९९४ साली तळाचा गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा आणि रंग, १९९७ साली पुन्हा रबर, २००३ साली पुन्हा गॅस, २०११ साली कॉम्प्रेसर, २०१७ साली पुन्हा थर्मोस्टॅट. दुरुस्तीची बेरीज ६,९०५ रुपये होते, म्हणजे रुपयाची घसरण हिशेबात न घेता ती खरेदीच्या किमतीहून बरीच अधिक आहे. आत्याला हे वाचून दाखविले तेव्हा ती म्हणाली, “अरे, मी तर सगळ्यांना सांगते, पंचेचाळीस वर्षांत ह्या फ्रिजने एकदासुद्धा त्रास दिला नाही.” ती खोटे बोलत नव्हती. प्रत्येक वेळी मिस्त्री सायकलवरून आला, स्वयंपाकघरातच बसला, चहा घेतला आणि फ्रिज चालू करून गेला. अशा दुरुस्तीला तिने त्रास मानलेच नाही.

२०११ ची दुरुस्ती तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाची आहे. मूळ यंत्रात आर-१२ हा वायू होता. ओझोन थराला हानी पोचविणारे असे वायू १९८७ च्या माँट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद झाले, आणि भारतात २०१० पासून ते थांबले. त्यामुळे नवा कॉम्प्रेसर आर-१३४ए साठीचा घ्यावा लागला. या दोन वायूंना लागणारी तेले निराळी असतात आणि ती एकमेकांत मिसळून चालत नाही, म्हणून फिल्टर आणि कॅपिलरीही बदलावी लागली. म्हणजे आजचा हा ‘१९७९ चा फ्रिज’ म्हणजे १९७९ चे कपाट आणि बिजागऱ्या. त्यातील थंड करणारे यंत्र २०११ चे आहे.

चोवीस तासांसाठी वीजमापक लावून आलो आहे.

५ मे २०२४, रविवार

आत्याच्या फ्रिजचा वापर चोवीस तासांत १.७ युनिट आला. शेजारच्या घरातील दोन वर्षांपूर्वीचा एकशे नव्वद लिटरचा फ्रिज त्याच आठवड्यात ०.६ युनिटांवर चालला. वर्षाला सुमारे चारशे युनिटांचा फरक पडतो. जुन्याच्या भिंतींत काचलोकर भरलेली आहे. पंचेचाळीस पावसाळ्यांत तिने ओल धरली आहे आणि ओली काचलोकर उष्णता अडवीत नाही. नव्यात भिंतीशी एकजीव झालेला फोम असतो. २००६ साली केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकित पट्टी आल्यापासून तर कारखान्यांना वीज वाचविण्याची स्पर्धाच करावी लागली आणि ही गोष्ट निश्चितच चांगली झाली.

मिस्त्रींनी आज एक प्रश्न विचारला, जो मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. “मास्तर, चालू असलेल्या वस्तू आपण मोजतो. ज्या भंगारात गेल्या त्या कोण मोजणार?” दुसऱ्या महायुद्धात आब्राहाम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञापुढे हाच प्रश्न होता. परत आलेल्या विमानांवर जिथे गोळ्यांची भोके दिसत होती तिथे पत्रा जाड करावा असे वाटणे स्वाभाविक होते. पण ज्यांना इतर ठिकाणी गोळी लागली ती विमाने परतलीच नव्हती. आपल्यापुढे असलेली जुनी उपकरणे ही परतलेली विमाने आहेत.

म्हणून आजपासून प्रत्येक घरी दुसरा तक्ता भरीत आहोत: १९९० पूर्वी घेतलेली आणि आता नसलेली उपकरणे कोणती, आणि ती का गेली. आठवणीवर पूर्ण विसंबता येत नाही हे खरे, तरी पहिल्या पाच घरांतच चालू वस्तूंच्या कितीतरी पट गेलेल्या वस्तू निघाल्या. मोटर जळालेले मिक्सर आणि तळ गंजलेले फ्रिज त्यांत अधिक होते, आणि एक टोस्टर असा होता ज्याने दोन वर्षेही काढली नव्हती.

२ जून २०२४, रविवार

थोडक्यात. बोरी येथे एक बिनतापनियंत्रक जुनी इस्त्री मेगरवर तपासली. इन्सुलेशन ०.३ मेगओहम आले, म्हणजे ती वापरण्यास सुरक्षित नाही. दोन पिनांचा प्लग आहे आणि अर्थिंग नाही. दोरीची सुती वेणी हाताला लागताच गळून पडत होती. त्या काळच्या इस्त्रीच्या दोऱ्यांत ॲस्बेस्टॉसही वापरले जाई, त्यामुळे ती आम्ही ओल्या कापडात गुंडाळून वेगळी ठेवली. यजमानीणबाईंनी ही इस्त्री आदल्या दिवशीच ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून वापरली होती. चालते म्हणजे टिकली, असे म्हणताना हे प्रसंग डोळ्यांपुढे असले पाहिजेत. इस्त्री आमच्या ताब्यात घेतली. नवी दोरी, तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंगची तार जोडूनच परत करू.

२१ जुलै २०२४, रविवार

पावसाने दोन रविवार घेतले. या महिन्यात मिस्त्रींच्या दुकानात आलेल्या वस्तू आम्ही क्रमाने लिहिल्या, आणि जवळजवळ सर्व नव्या वस्तूंचा बिघाड एकाच ठिकाणी निघाला: बोर्ड.

याची कारणे गोव्यात स्पष्ट दिसतात. पावसाळ्याच्या दोन्ही तोंडांना विजा चमकतात तेव्हा तारांतून दाबाचे झटके येतात. दोन-तीन महिने हवा पाण्याने भरलेली असते. बोर्डाच्या उबेला मुंग्या आणि पाली येतात. एका बोर्डावर पालीचा वाळलेला सांगाडा दोन टोकांना जोडून पडलेला होता. त्याशिवाय बोर्डावरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य मुळातच मोजलेले असते. सर्वसाधारण कपॅसिटरवर १०५ अंश सेल्सिअसला दोन हजार तास असे आयुष्य दिलेले असते आणि दर दहा अंश तापमान कमी झाले की ते साधारण दुप्पट होते, असा आमच्या धंद्यातील ठोकताळा आहे. बंद डब्यात पासष्ट अंश धरले तर बत्तीस हजार तास होतात, म्हणजे अखंड चालणाऱ्या यंत्रात साडेतीन वर्षांपेक्षा थोडे अधिक. तो भाग पाच-दहा रुपयांना मिळतो.

पण तो बदलायचा कसा? धुलाई यंत्राचा एक बोर्ड आमच्यापुढे आहे. तो संपूर्ण राळेसारख्या पदार्थात बुडविलेला आहे. ओल आत जाऊ नये म्हणून हे केलेले आहे आणि ते योग्यच आहे, परंतु ज्या थराने पाणी बाहेर ठेवले त्याच थराने मिस्त्रींची सोल्डरिंगची डागणीही बाहेर ठेवली. नव्या बोर्डाची किंमत ६,५०० रुपये सांगण्यात आली. सतरा हजारांच्या यंत्रासाठी ती कोण देईल? मी तो बोर्ड गरम हवेने आणि लाकडी काडीने चार तास खरवडला, भाचीने रिले बदलला आणि यंत्र चालू झाले. चार तासांची मजुरी लावली असती तर हा व्यवहार कोणालाच परवडला नसता, हेही नमूद करतो.

१ सप्टेंबर २०२४, रविवार

चवथ (गणेशचतुर्थी) सहा दिवसांवर आली आहे. मिस्त्रींच्या दुकानात मिक्सरांची रांग लागली आहे, कारण करंज्या-नेवऱ्यांचे सारण आणि पाहुण्यांचे वाटण एकाच आठवड्यात येते. तपासणी बंद. मी आणि भाची दुकानात ब्रश बदलण्यास मदत करीत आहोत. मिस्त्रींच्या एका खणात चाळीस वर्षांचे कपलर मापाप्रमाणे तारेत ओवलेले आहेत. त्यांच्या दोन्ही मुलांनी हा धंदा घेतलेला नाही.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

वाचनालयात आतापर्यंतच्या नोंदी वाचून दाखविल्या. एका सभासदांचे म्हणणे असे की कंपन्या वस्तू मुद्दाम कमी टिकणाऱ्या बनवितात आणि आमच्या नोंदींत हे ठामपणे लिहिलेले नाही. त्यांनी बल्बचे उदाहरण दिले. ते उदाहरण खरे आहे: १९२४ च्या अखेरीस जिनिव्हात मोठ्या बल्ब-कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ केला, बल्बचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरविले आणि ज्याचे बल्ब त्याहून जास्त तास टिकत त्याच्याकडून दंड वसूल केला. मात्र फिलामेंटचा बल्ब फार टिकावा असा बनविला तर तो तेवढ्याच विजेत कमी प्रकाश देतो, हा भौतिकशास्त्राचा भागही त्या गोष्टीबरोबर सांगितला पाहिजे.

मोठ्या उपकरणांबद्दल जर्मनीच्या संघीय पर्यावरण संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला अधिक उपयोगी वाटला. बिघाडामुळे पहिल्या पाच वर्षांतच बदलाव्या लागलेल्या मोठ्या घरगुती उपकरणांचे प्रमाण २००४ मध्ये ३.५ टक्के होते, ते २०१२ मध्ये ८.३ टक्के झाले. म्हणजे तक्रार निराधार नाही. पण त्याच अभ्यासात बदललेल्या मोठ्या उपकरणांपैकी सुमारे एक तृतीयांश अजून चालू होती असे आढळले, आणि सर्वत्र मुद्दाम कमी आयुष्य ठरविले जाते याचा पुरावा मिळाला नाही.

माझे मत मी सभेत मांडले ते असे. आमच्या चालू जुन्या वस्तूंपैकी मूळ स्थितीत चाललेल्या अगदी थोड्या निघाल्या. बाकी सर्व वारंवार दुरुस्त होत आलेल्या आहेत. वस्तू उघडता येणे, भाग गावात मिळणे आणि तो बसविणारा मनुष्य जवळ असणे, या तीन गोष्टी जिथे होत्या तिथे वस्तू टिकली, आणि यांपैकी एक जरी गेली तरी दुर्भाटच्या फ्रिजसारखे हलता भाग नसलेले यंत्रसुद्धा पापड ठेवायच्या कामी आले. युरोपीय संघाने २०२१ पासून फ्रिजचे बोर्ड आणि थर्मोस्टॅट किमान सात वर्षे, दरवाजाचे रबर दहा वर्षे आणि धुलाई यंत्राचे महत्त्वाचे भाग दहा वर्षे मिळालेच पाहिजेत असा नियम केला आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. भागांच्या वर्षांचे तसे बंधन आपल्याकडेही यावे, असा ठराव वाचनालयाने आज केला.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

समोरून कपडे घालण्याचे सात वर्षांचे एक धुलाई यंत्र शिरोड्याहून आणले. कंपनीच्या माणसाने पाहून ‘संपूर्ण ड्रम बदलावा लागेल, त्यापेक्षा नवे घ्या’ असे सांगितले होते. पिळताना विमानासारखा आवाज येत होता, म्हणजे बेअरिंग गेले होते.

बेअरिंग हा भाग काही दुर्मिळ नाही. आत ६२०५ आणि ६२०६ या क्रमांकाची दोन बेअरिंगे होती, जी फोंड्यात स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानातही मिळतात. ती का गेली तेही उघड होते: तेलसील झिजले, साबणाचे पाणी आत गेले आणि पोलाद गंजले. अडचण एवढीच की प्लास्टिकच्या बाहेरच्या टबाचे दोन अर्धे भाग कारखान्यात वितळवून एकमेकांना चिकटविलेले आहेत. पूर्वी तेथे स्क्रूंची रांग असे.

मिस्त्रींनी आधी जोडाच्या कडेने दर दोन इंचांवर छिद्रे पाडून घेतली आणि मगच करवत चालविली, म्हणजे पुन्हा जोडताना दोन्ही भाग नेमके जुळावेत. कापायला दोन तास गेले. आतील ॲल्युमिनियमचा तीन हातांचा आधार साबणाने खाल्लेला होता, पण तडा नव्हता, घासून घेतला. बेअरिंगे ठोकून काढली, नवी बसविली, सीलला जलरोधक ग्रीस लावले, कडेला सिलिकॉनची धार सोडली आणि चोवीस स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आवळले. एकूण खर्च १,४०० रुपये आणि दोन माणसांचा एक दिवस. कारखान्याने टब चिकटविला तेव्हा त्याचे काही रुपये आणि काही सेकंद वाचले असतील. तो हिशेब मला समजतो, परंतु त्यासाठी ग्राहकाला पूर्ण यंत्राची किंमत मोजावी लागावी हे मला मान्य नाही.

यापुढे या यंत्राचे बेअरिंग गेले तर चोवीस बोल्ट काढून ते अर्ध्या तासात बदलता येईल.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

शिरोड्याच्या यंत्राच्या एकोणीस धुण्या झाल्या. गळती नाही, आवाज नाही. पुढील तपासणी मे महिन्यात.

बोरीची इस्त्री नव्या दोरीसह परत केली. मेगरवर आता वीस मेगओहमांच्या वर आहे. आतली ओल तापवून काढल्याचा हा परिणाम.

दुपारी आत्याकडे गेलो. उन्हाळ्यातील आकडे मी तिला तेव्हाच दिले होते आणि माझा सल्लाही सांगितला होता: पंखा ठेव, फ्रिज बदल. काचलोकर वाळविता येत नाही आणि ती बदलायची तर कपाट फाडावे लागेल. ही एक दुरुस्ती आमच्या आवाक्याबाहेरची आहे. तिने सहा महिने विचार केला. गेल्या आठवड्यात नवा फ्रिज आला. घेताना तिने दुकानदाराला दरवाजाचे रबर सुटे मिळते का, हे विचारले आणि उत्तर बिलावर लिहून घेतले.

मिस्त्रींनी जुन्यातील वायू टाकीत ओढून घेतला, २०११ चा कॉम्प्रेसर आणि २०१७ चा थर्मोस्टॅट काढून कागदात गुंडाळले आणि भाचीने त्यांवर साल व माप लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या. ती आता शनिवारीही दुकानात बसते. आत्याने आमच्यासमोर खर्चाची वही उघडली आणि आजच्या तारखेखाली लिहिले: “जुना फ्रिज काढला. बिघाड नव्हता.”